तूप नाही, तर चव कुठून आणायची?

पत्र :

ताई, मी २६ वर्षांचा. गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. घरी म्हशी आहेत. मागच्या पावसाळ्यात एक रेडकू गेलं. ते कसं गेलं हे जवळून पाहिल्यावर दूध घशाखाली उतरेना. तेव्हापासून दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद. मटण-अंडी आमच्याकडे आधीपासूनच नाहीत. खोलीवर मी ओट्स, उकडलेले छोले, सॅलड आणि टोफू खातो. पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. रात्री दमून आलं की वरणभात-तूप आठवतो, कढी-खिचडी आठवते. मला स्वयंपाक असा येत नाही. कुकर लावतो, पण भात निम्म्या वेळा गिचका होतो. शेगडी एकच. आई दर महिन्याला तुपाचा डबा पाठवते, ते सगळे डबे कपाटात तसेच पडून आहेत. तिला सांगायची हिंमत होत नाही. सुरुवात कुठून करू?

– कोरडा घास, पुणे

उत्तर :

अरे कोरड्या घासा,

तुझ्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत. दूध-तूप सुटलं ही एक आणि स्वयंपाक येत नाही ही दुसरी. तू दुसरीचं खापर पहिलीवर फोडतोयस. तुझी यादी पुन्हा वाच : ओट्स, उकडलेले छोले, सॅलड, टोफू. यात फोडणी कुठे आहे? आंबट कुठे आहे? परतलेला कांदा, लसूण, वाटण, चटणी काही आहे का? या जेवणावर वाटीभर तूप ओतलं असतं तरी ते बेचवच लागलं असतं.

वरणभातावरचं तूप काय करतं ते बघ. घास ओला करतं, त्याला वास देतं आणि जिभेवर चव रेंगाळत ठेवतं. ही कामं करणारं आपल्याकडे दुसरंही पुष्कळ आहे : शेंगदाणा, तीळ, खोबरं, कारळ, जवस, करडई. सोलापूरकडे भाकरीवर शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार हे रोजचं जेवण आहे, आणि ते खाताना कुणाला तुपाची आठवण होत नाही. पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, झुणका, कुळथाचं पिठलं, शेंगोळे, मसूर, खानदेशातलं वांग्याचं भरीत, मालवणची काळ्या वाटाण्याची आमटी, गोव्यातलं खतखतं. हे सगळं मुळातच तुझ्या नियमात बसतं. त्यातून काही वगळायचं नाही, कशाला पर्याय शोधायचा नाही.

म्हणून निदान पहिला महिना तरी ‘व्हीगन पनीर’, ‘व्हीगन चीज’ असल्या पाकिटांच्या वाटेला जाऊ नकोस. महाग असतात हा एक भाग. पण खरी अडचण अशी की ती खाताना मन सतत मूळ पदार्थाशी तुलना करत राहतं आणि दर घासाला हरतं. टोफू वाईट नाही. पण त्याला पनीर म्हणून शिजवशील तर टोफूवर अन्याय आणि तुझ्यावरही.

आता भाताकडे येते. गिचका होतो म्हणतोस, पण तांदूळ कोणता ते लिहिलं नाहीस. पुण्यातल्या किराणा दुकानातून आणलेला असेल तर इंद्रायणी असण्याचीच शक्यता जास्त. तो आंबेमोहराच्या कुळातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला वाण. वास सुंदर, पण मुळातच चिकट. त्याचा बिर्याणीसारखा दाणादाणा मोकळा होणार नाही, आणि करायचाही नाही. मोकळा भात हवा असेल त्या दिवशी कोलम आण. एरवी इंद्रायणी वाटीभर घे, दोनदा धू, पाणी दोन वाट्या. नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं हात राखून.

आणि दमून आल्याच्या रात्री हाच तांदूळ मुद्दाम मऊ कर. वाटीला साडेचार-पाच वाट्या पाणी, मीठ, कुकरला चार शिट्ट्या. झाकण उघडल्यावर डावाने घोटून घे. वर दोन चमचे मेतकूट. छोट्या कढल्यात शेंगदाण्याचं तेल तापवून त्यात जिरं, हिंग, ठेचलेली लसूण आणि एक सुकी मिरची घाल. लसूण तांबूस झाली की तेल तसंच चुरचुरत भातावर ओत. तुझ्या त्या वरणभात-तुपाची आठवण पहिल्यांदा जरा मागे सरेल ती इथे. तेल मात्र घाण्याचं घे. पुण्यात लाकडी घाण्याची दुकानं जागोजाग झाली आहेत. रिफाइंड तेलाला वास नसतो आणि तुला नेमका वासच हवा आहे.

फोडणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवशिक्याचं बहुतेक सगळं इथेच बिघडतं. तेल नीट तापलं आहे का ते बघायला मोहरीचे दोन दाणे टाक. लगेच तडतडले तरच बाकीची मोहरी घाल. सगळी फुटू दे. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग आच बारीक कर, हा टप्पा लोक विसरतात. नंतर जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण. हळद शेवटी, आणि लाल तिखट गॅस बंद केल्यावर, नाहीतर दोन्ही जळतात, आणि जळल्याचा वास मग पूर्ण भांडंभर राहतो. कांदा किंवा डाळ हाताशी तयार ठेवूनच तेल तापव. तेल तापत असताना कांदा चिरायला घेणारा माणूस फोडणी जाळतोच.

एक शेगडी ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. आधी कुकर लाव : तळाला पाणी, खालच्या भांड्यात डाळ, वरच्यात भात. तीन-चार शिट्ट्या झाल्या की बारीक आचेवर पाच मिनिटं ठेव आणि उतरव. वाफ आपोआप जिरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात शेगडी मोकळी. भाजी, फोडणी जे काय असेल ते त्या वेळात होतं आणि जेवायला बसताना सगळं गरम असतं.

तुरीच्या डाळीची आमटी करताना एवढं पाळ : चिंच, कोकम, टोमॅटो यांतलं काहीही डाळ पूर्ण शिजल्यावरच. आंबटात डाळ मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या काढल्या तरी दाणा टणक राहतो. बोअरचं जड पाणी असेल तरी हीच तऱ्हा. तेव्हा डाळ अर्धा तास भिजव आणि शक्यतो पिण्याचं पाणी वापर. शिजलेली डाळ घोटून तिला फोडणी दे, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला, मीठ. मग पाच-सात मिनिटं चांगली उकळू दे. शेवटी चमचाभर दाण्याचं कूट किंवा किसून भाजलेलं सुकं खोबरं. पातळ आमटीला जो भरीवपणा येतो तो या शेवटच्या चमच्यामुळे.

कुटाचा डबा हे तुझ्या स्वयंपाकघरातलं तूप समज. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाज, घाई केलीस तर वरून काळे आणि आतून कच्चे. गार झाले की सालं चोळून काढ, पाखड, मिक्सरला थांबत थांबत फिरव. एकदम फिरवत ठेवलंस तर तेल सुटून लगदा होईल. फ्रिजमध्ये ठेव. हे कूट भरल्या वांग्यात जातं, साबुदाण्याच्या खिचडीत जातं, काकडीच्या कोशिंबिरीत जातं (दह्याऐवजी लिंबू पिळ). शिवाय दाण्याची आमटी होते. उपासाला वरीच्या भातावर घेतात तीच, पण ती फक्त एकादशीला खायची असा काही कायदा नाही. अर्धी वाटी कूट, दोन हिरव्या मिरच्या, जिरं आणि पाणी घालून गंधासारखं वाट. तेलात जिऱ्याची फोडणी, त्यात हे वाटण, दोन वाट्या पाणी, दोन आमसुलं, मीठ, चिमूटभर गूळ. वर तेलाचा तवंग दिसेपर्यंत उकळ. थंडीच्या दिवसात यापुढे दुसरं काही सुचत नाही.

पण तुझ्यासाठी खरा पदार्थ अख्खा मसूर. तू सांगलीचा, तुला सांगायला नकोच. इस्लामपूर-कऱ्हाड पट्ट्यातल्या ढाब्यांनी ज्याच्या जिवावर नाव कमावलं तो. मसूर स्वस्त, लवकर शिजणारा आणि जिभेला असा जडसर लागतो की जेवणात काहीतरी राहिलं असं वाटतच नाही. वाटीभर मसूर तासभर गरम पाण्यात भिजव, मग तीन शिट्ट्या. दाणा अख्खा राहिला पाहिजे, पण बोटाने दाबला की मोडला पाहिजे. तोवर दोन मोठे कांदे बारीक चिर. लोखंडी किंवा जाड बुडाच्या कढईत दोन पळ्या तेल. हात आखडू नकोस, तूप खात नाहीस म्हटल्यावर एवढं तेल तुला माफ आहे. कांदा परतायला घे आणि घड्याळ विसर. पाच मिनिटांत तो पारदर्शक होईल, तिथे तुला वाटेल झालं. झालेलं नसतं. मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं परतत राहा, तळाला लागला तर चमचाभर पाणी शिंपड, आणि बदामी रंग येईपर्यंत जागचा हलू नकोस. मग आलं-लसणाचं वाटण, त्याचा कच्चा वास गेला की एक टोमॅटो, आणि तो पूर्ण विरघळला की दीड-दोन चमचे चटणी. तुमच्याकडची घरची, कांदा-लसणाची. कडेने तेल सुटेपर्यंत परत, आता शिजलेला मसूर त्याच्या पाण्यासकट ओत. मीठ घाल. दहा-बारा मिनिटं मंद आचेवर रटरटू दे. पाचवा भाग मसूर डावाने कढईच्या कडेवर चेचून परत त्यात ढकल, त्याने रस्सा दाट होतो. क्रीम, बटर घालून ढाबेवाले जे साधतात ते या चेचण्याने होतं. वरून कोथिंबीर, बाजूला कच्चा कांदा आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी तो आणखी मुरतो, म्हणून जास्तच कर.

भाकरी मात्र सुरुवातीला विकत आण. पोळी-भाजी केंद्रात ज्वारीची भाकरी मिळते. पोळ्या घेशील तर मात्र तूप लावलेलं नाही ना ते विचार. भाकरी थापणं हाताला बसायला वेळ लागतो आणि आठवड्याच्या मधल्या रात्री भुकेल्या पोटी ते शिकू नये. रविवारी शिक : पीठ ताजं दळलेलं असू दे (शिळ्या पिठाची भाकरी चिरते), पाणी कडकडीत घे आणि भरपूर मळ. तोवर पिठलं मात्र येऊ दे. अर्धी वाटी बेसन दीड वाटी गार पाण्यात आधी कालवून घेतलंस की गुठळीचा प्रश्नच मिटतो. कांदा-लसूण-मिरचीच्या सढळ फोडणीत ते ओतून ढवळ, झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं वाफ काढ. बेसनाचा उग्र वास गेला आणि पिठलं कडा सोडायला लागलं की झालं.

कढीबद्दल लिहिलंयस. इथे मी तुला फसवणार नाही : ताकाची कढी ती ताकाची कढी. पण खिचडीशेजारी गरम, आंबट, पातळ काहीतरी हवं असतं ही गरज खरी, आणि ती कोकणाने वेगळ्या रीतीने, सोलकढीने, भागवली आहे. सात-आठ आमसुलं गरम पाण्यात अर्धा तास भिजवून चुरून घे. ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटून पिळून दूध काढ. नारळ खवायचा कंटाळा असेल तर पाकिटातलं नारळाचं दूध चालेल. मीठ, किंचित साखर, ठेचलेली लसूण-मिरची. तेलात जिरं आणि हिंग. गरमच प्यायचं असेल तर बारीक आचेवर वाफ दिसेपर्यंतच तापव. उकळी आली की नारळाचं दूध फुटतं, चव जात नाही, पण रूप जातं. मुगाच्या डाळीची खिचडी, हे सार आणि भाजलेला पापड. एका रात्री करून बघ आणि मग कढीची आठवण किती उरली ते मला कळव.

दहीभाताची हुक्की आली तर शेंगदाण्याचं दही लावता येतं. वाटीभर दाणे रात्रभर भिजव, सालं काढ, तीन वाट्या पाण्यात बारीक वाट, फडक्यातून गाळ. हे दूध सतत ढवळत दहा मिनिटं उकळ, तळाला लवकर लागतं. कोमट झालं की विरजण : दुकानात मिळणाऱ्या वनस्पतीजन्य दह्याचा चमचा, किंवा हिरव्या मिरच्यांचे सात-आठ देठ धुऊन त्यात बुडव. उबेत आठ-दहा तास, पुण्याच्या थंडीत जास्त. देठांवर लागलेलं पहिलं दही बेताचंच असतं, त्यातला चमचा पुढच्या खेपेला विरजण म्हणून लावलास की दुसरं बरं लागतं. वास आंबट यायला हवा. कुजका आला किंवा रंग बदलला तर मोह न ठेवता ओतून दे. नुसतं खाल्लंस तर दाण्याचा वास येईल. भातात कालवून मोहरी, कढीपत्ता, आलं, मिरची यांची फोडणी दिलीस तर येणार नाही.

बाजारातून आणताना एक लक्षात ठेव. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. तुझ्यासाठी वेगळं चिन्ह आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन पदार्थांचे नियम केले, त्यात हिरवं इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर रोपटं असं चिन्ह ठरवलं आहे. पण ते सगळ्यांवर छापलेलं नसतं, तेव्हा मागची घटकांची यादी वाचायची सवय लाव. बिस्किटं, ब्रेड, खारी, चवीचे वेफर्स यांत अनेकदा दुधाची भुकटी असते आणि चटकन लक्षात येत नाही.

चहाचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. सोयाचं दूध उकळत्या चहात फुटतं, ओट्सचं त्यातल्या त्यात टिकतं. माझं मत विचारशील तर गवती चहा आणि आलं घालून कोरा चहा घे आणि आठवडाभर तक्रार करू नकोस.

आता आई. तिला पोटाचं कारण सांगायचा मोह होईल : ‘तूप पचत नाही’. सांगू नकोस. ती ओवा पाठवेल, मग बडीशेप, मग वैद्यांचा नंबर, आणि खोटं सांभाळता सांभाळता तुझी दमछाक होईल. रेडकाचा विषयही पहिल्या फोनवर काढू नकोस. त्या म्हशींवर घर चालतं, तुझं शिक्षण त्यातच झालं असेल, आणि ती सकाळी उठून धारा काढते. तुझं तत्त्व तिला तिच्या कष्टांवरचा शेरा वाटेल. सरळ सांग : आई, मी दूध-तूप सोडलंय, तब्येत ठीक आहे, तूप आता नको. आणि लगेच त्याच दमात मागणी कर : चटणी पाठव, कारळाची चटणी पाठव, मेतकूट पाठव, सांडगे घातलेत का? डबा पाठवायचा असतो रे तिला, तो तुपाचाच असला पाहिजे असं नाही. रिकाम्या हाताने ‘नाही’ म्हणू नकोस, एवढंच. मग मसूर कसा करते ते विचार. माझ्या कृतीत ती तीन चुका काढेल. तिचंच ऐक. कपाटातलं तूप खोलीवरच्या मित्रांना देऊन टाक. चांगलं कढवलेलं तूप महिनोन्‌महिने टिकतं, पण म्हणून साठवून ठेवायचं कारण नाही.

शेवटचं, चवीबाहेरचं, पण टाळू नकोस. जीवनसत्त्व बी-१२ शेंगदाण्यात नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, आणि तुझं तेच बंद आहे. त्याची कमतरता हळूहळू दिसते : थकवा, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा. आणि थकवा आला की लोक प्रथिनांच्या मागे लागतात, बी-१२ कडे बघतच नाहीत. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोजच्या खाण्यात असू देत. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. बी-१२ मात्र बाहेरूनच घ्यावं लागेल. सोडून वर्ष होत आलं असेल तर या महिन्यातच डॉक्टरांकडे जा, मी दूध-दही घेत नाही हे त्यांना स्पष्ट सांग, रक्त तपासून घे, आणि गोळी कोणती, किती, कधी ते त्यांनाच ठरवू दे.